दुखतंय ते दिसतं

“हा दोन,” मामा म्हणाला आणि फोटो उजवीकडच्या गठ्ठ्यावर टाकला. “हा शून्य. हा एक म्हणा. नाही, थांबा, डोळा बघा त्याचा. दोन.”

मॅडम वहीत आकडे मांडत होत्या. टेबलावर उंदरांच्या तोंडांचे साठ फोटो होते. पांढरे उंदीर, एकाच वयाचे, एकाच वजनाचे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. त्यांतल्या निम्म्यांना डोकेदुखी जागवणारं औषध टोचलेलं होतं आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं हे कुलपातल्या यादीलाच ठाऊक. फोटो बघायचा आणि उंदराला किती दुखतंय ते सांगायचं. अजिबात नाही तर शून्य, थोडं तर एक, फार तर दोन. मॅडमच्या हाताखालच्या दोघा विद्यार्थ्यांनी आठवडाभर डोळे फोडून घेतले होते, पण एकाचे आकडे पूर्वेला तर दुसऱ्याचे पश्चिमेला. शेवटी वैतागून मॅडमनी प्राणीघरातल्या मामाला हाक मारली होती.

मामा त्या संशोधन संस्थेच्या प्राणीघरात अठ्ठावीस वर्षं होता. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणंपाणी, पिल्लांची नोंद, आणि प्रयोग संपला की उंदीर मारणं, हे त्याचं काम. मारायचं एक यंत्र होतं. संस्थेच्या कागदांत त्याला गिलोटिन म्हणत, मामा त्याला अडकित्ता म्हणे. मान पात्याखाली सरकवायची, दांडा दाबायचा, संपलं. मेंदू गरम असतानाच काढून घ्यावा लागे, म्हणून सगळी घाई. विद्यार्थ्यांचे हात लटपटत. मामाचा कधी लटपटला नव्हता. एका सकाळीत चाळीस-चाळीस उंदीर उडवून, हात धुऊन, त्यानं शांतपणे डबा उघडलेला होता. पोरं मागून त्याला उंदीरमामा म्हणत आणि तोंडावर नुसतं मामा. त्याला दोन्ही ठाऊक होतं.

मॅडमनी कुलूप उघडून यादी काढली आणि आकडे ताडून पाहिले. एकदा पाहिले, पुन्हा पाहिले.

“साठातले सत्तावन्न बरोबर,” त्या म्हणाल्या. “मामा, कुठं शिकलात हे?”

“त्यात काय शिकायचं? दुखतंय ते दिसतं की.”

बोलायला बोलून गेला आणि बादली उचलून धुण्याच्या खोलीत आला. नळाखाली पिंजरा धरला. गरम पाण्याची वाफ तोंडावर आली आणि तो तसाच उभा राहिला, पाणी भरून वाहू लागलं तरी. घरात त्याची बायको होती, आणि तिचं डोकं लग्नाच्या आधीपासून दुखत होतं.

ती एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा, तिच्या डोळ्यांसमोर आधी चमचमतं जाळं नाचू लागे. मग अर्धं डोकं धरायचं. मग ओकाऱ्या. खिडक्या लावून, ओलं फडकं कपाळाला बांधून ती दीड दीड दिवस अंधारात पडून असे. पहिल्या वर्षी मामानं दुकानातून गोळ्या आणून दिल्या. दुसऱ्या वर्षी बोलणी सुरू झाली. कामावरून यावं तर चूल थंड, घरात काळोख. “झालं का नाटक सुरू?” असं तो दारातूनच म्हणायचा. तिसऱ्या वर्षी हात उठला, आणि हात एकदा उठला की त्याला वाट पाठ होते.

एका रविवारी दुपारी त्यानं आपल्या साहेबाला आणि साहेबाच्या बायकोला जेवायला बोलावलं होतं. महिनाभर आधीपासून ठरलेलं. ते दोघं नव्या कपड्यांत दारात उभे राहिले तेव्हा ही आतल्या खोलीत बादलीवर तोंड धरून होती. “असू दे, असू दे, पुन्हा कधी येऊ,” म्हणत साहेब परत गेला. मामानं दार लावलं. तिला केसांना धरून ओढत मागच्या अंगणात आणलं, भर उन्हात. “डोकं दुखतं म्हणे. थांब, दुखवूनच दाखवतो.” उघड्या पंजानं त्यानं तिच्या डाव्या कानावर मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी ती धुण्याच्या दगडावर आडवी झाली आणि कानातून रक्त आलं. त्यांची चार वर्षांची मुलगी दारात उभी होती. तो कान तेव्हापासून गेला. लोकांना सांगितलं, शेवाळावरून पाय घसरला.

त्यानंतर आणखी नऊ वर्षं हे चाललं. थांबलं ते मुलीमुळं. ती तेरा वर्षांची होती. एके दिवशी मामा आतल्या खोलीकडं वळला तर मुलगी मध्ये उभी. हातात आईची इस्त्री, कडकडीत तापलेली, वायर अजून भिंतीतच. “बाबा, या पुढं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मामा पुढं गेला नाही, आणि त्यानंतर कधीच गेला नाही. पुढं वर्षं गेली तसं त्याच्या मनानं त्याची समजूत काढली. तेव्हा कळत नव्हतं. अडाणी होतो. तिला खरंच दुखतंय हे कुणी सांगितलंच नाही. हे वाक्य इतक्या वेळा घोळवलं की ते गुळगुळीत झालं, कुठं बोचेना.

फोटोंचं जमलं म्हणून मॅडमनी त्याला पुढच्या चाचणीलाही घेतलं. मामानं उंदीर धरायचा. मॅडमच्या हातात नायलॉनचा बारीक धागा. तो उंदराच्या कपाळाला अलगद टेकवायचा. मिठाचं पाणी टोचलेल्या उंदराला त्याचं काहीच वाटत नसे. औषधवाला उंदीर निखारा लागल्यासारखा हिसडा मारी.

“नुसत्या धाग्यानं?” मामानं विचारलं.

“हो ना. मेंदू स्वतः दुखत नाही, मामा. कापला तरी त्याला कळत नाही. दुखतं ते त्याच्यावरचं वेष्टण.” मॅडम बोलता बोलता धागा लावत होत्या. “चेहऱ्याची एक मोठी नस असते, तीन फांद्यांची. तिची टोकं त्या वेष्टणात पसरलेली असतात. ती चेतली की एक रसायन सोडते. मग रक्तवाहिन्या फुगतात, आग होते आणि नस अशी हुळहुळी होते की वारा लागला तरी मार बसल्यासारखं. उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, वास सोसत नाही.”

“आणि आधी काय समजायचे लोक?”

“आधी सगळा दोष रक्तवाहिन्यांवर. त्याच्या आधी बायकांच्या स्वभावावर.” मॅडम हसल्या. मामा हसला नाही. “अजून सगळं उलगडलेलं नाही हं. पहिली ठिणगी कुठं पडते, यावर आमच्या लोकांची भांडणं चालूच आहेत. पण हे सोंग नाही, एवढं नक्की. ते रसायन रक्तात मोजता येतं.”

मामानं दुसरा उंदीर घेतला. त्याच्या छातीची धडधड बोटांना लागत होती.

“केस ओढले तर?”

“कुणाचे?”

“सहज विचारलं.”

“माणसाला त्या वेळी उशी टेकलेली सोसत नाही. बायका केस विंचरत नाहीत. ओढले तर...” मॅडमनी मान हलवली आणि धागा टेकवला. उंदरानं हिसडा मारला.

“हे आईकडून लेकीत उतरतं?”

“पुष्कळदा.”

मग मामा म्हणाला, “म्हणजे आतल्या आत सगळं. बाहेरून बघणाऱ्याला कळणं अवघडच.”

“तुम्हाला कळलं की,” मॅडम म्हणाल्या. “साठात सत्तावन्न.”

प्रयोग शुक्रवारी संपला. साठच्या साठ उंदीर मामानं अडकित्त्याखाली घातले. हात लटपटला नाही. डबाही खाल्ला.

शनिवारी अर्धा दिवस. मामा दुपारी घरी आला तर मुलगी खुर्चीवर बसली होती आणि बायको तिच्या गालाला मलम लावत होती. मुलीच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. ती बुटांच्या दुकानात कामाला होती आणि जावई फरशा बसवायचा. आईचं दुखणारं डोकं तिला सोळाव्या वर्षीच मिळालं होतं. तिच्या डाव्या गालावर, कानशिलापासून जबड्यापर्यंत, लालभडक पट्टा होता आणि मधोमध टरारलेला फोड. पापण्यांचे केस जळून आखडले होते.

“काय झालं?”

मुलीनं आईच्या उजव्या बाजूला सरकून सांगितलं, म्हणजे आईलाही ऐकू यावं. सकाळी डोकं धरलं होतं. त्याचे मित्र यायचे होते. ऊठ म्हणाला, उठली नाही. दोनदा म्हणाला, तीनदा म्हणाला. मग कामावरचा मोठा हॅलोजन दिवा घेऊन आला, अंधाऱ्या खोल्यांत फरशी बसवताना लावतात तो. छातीवर गुडघा ठेवला. बोटांनी पापण्या वर धरल्या. “उजेड सोसत नाही ना तुला? बघू किती सोसत नाही,” म्हणाला. मग तिनं तोंड फिरवलं तेव्हा दिव्याची जाळी गालाला चिकटली.

“किती वेळ?” मामानं विचारलं.

“मी घड्याळ बघत नव्हते, बाबा.”

बायकोनं मलमाचं झाकण लावलं आणि वर मामाकडं पाहिलं. मामानं डबा खाली ठेवला, आणि पायांतल्या चपला काढल्याही नव्हत्या, तसाच बाहेर पडला.

जावयाचं काम एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चाललं होतं. फरशी कापायचं यंत्र नुकतंच थांबलं होतं आणि खोलीभर पांढरी धूळ. दोन मजूर सिमेंट कालवत होते. कोपऱ्यात तोच दिवा तीन पायांच्या तिकाटण्यावर जळत होता. जावई गुडघ्यांवर बसून रबरी हातोड्यानं फरशी ठोकत होता. तिशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस.

“या, सासरेबुवा. चहा सांगू?”

मामानं वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. शांतपणे समजावायचं. याला ठाऊक नसणार, आपल्याला तरी कुठं ठाऊक होतं.

“तिचं नाटक नाही रे ते,” तो म्हणाला. “डोक्यात एक नस असते. तीन फांद्यांची. ती चेतली की रसायन सोडते. उजेड म्हणजे तिला मार असतो. आमच्याकडं मोजलंय ते.”

जावयानं ऐकून घेतलं. एक फरशी ठोकली, पाणसळ लावून सपाटी पाहिली.

“उंदरांचे डॉक्टर कधी झालात, सासरेबुवा?”

मजूर हसले.

“राग मानू नका, पण एक सांगतो,” जावई म्हणाला. “सासूबाईंच्या कानाचं मला ठाऊक आहे. लग्नाआधीच सांगितलं होतं तिनं. तुम्ही तर कान फोडलात. मी नुसता दिवा लावला.”

मामाचा हात त्याच्या जबड्याखाली गेला. अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला, अठ्ठावीस वर्षांची पकड. जावई मागं ओल्या सिमेंटवर पडला. त्यानं हातोडा फिरवला, तो मामाच्या बरगडीत बसला. पुन्हा बसला. आत काहीतरी पेन्सिल मोडावी तसं मोडलं. पकड सुटली नाही. मामानं त्याचं डोकं उचलून फरशीच्या कडेवर आपटलं. फरशी तडकली. पुन्हा आपटलं. राखाडी चिखलात लाल धार मिसळली. जावयाचे हात ढिले पडले. मामानं त्याच्या छातीवर गुडघा रोवला, डावा हात लांब केला, तिकाटणं ओढलं, आणि दिवा त्याच्या तोंडावर आणला.

“तुला सोसतो ना उजेड?”

जावयाचे डोळे गच्च मिटले. गाल वर चढून नाकाला भिडले. ओठ ताणले गेले. दोन, असा आकडा मामाच्या डोक्यात आपोआप आला. जीव तोडून दुखत होतं त्या माणसाला, हे आंधळ्यालाही कळलं असतं. ते दिसत होतं, आणि मामाचा हात मागं येत नव्हता. त्यानं दिवा आणखी बोटभर जवळ नेला. कातडीचा वास आला. जावई ओरडला.

त्या क्षणी मामाला अंगणातली दुपार दिसली. तिचे केस त्याच्या मुठीत होते, तोंड एवढ्याच अंतरावर. डोळे असेच मिटलेले, गाल असेच वर चढलेले. तेव्हाही दिसलं होतं. चारही वेळा दिसलं होतं. कुणी सांगायची गरजच नव्हती.

मग मजुरांनी त्याला ओढलं. एकानं फावड्याचा दांडा पाठीत घातला, तेव्हा दिवा हातातून सुटून फरशीवर फुटला.

पोलीस चौकीत जावयाच्या डोक्याला आठ टाके आणि कानशिलावर पट्टी, मामाच्या दोन बरगड्या मोडलेल्या. दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना.

“भांडण कशावरून?” हवालदारानं विचारलं.

“डोकेदुखीवरून,” मामा म्हणाला.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. “माझंही सकाळपासून दुखतंय. म्हणून मी कुणाला भाजलं का?”

मामाविरुद्धची तक्रार लिहिली गेली. संध्याकाळी मुलगी आईला घेऊन आली आणि तिनं नवऱ्याविरुद्धची लिहून दिली. गाल दाखवला. हवालदारानं मग पुढं काही थट्टा केली नाही. मुलगी त्या घरी परत गेली नाही.

छातीला पट्टा बांधून मामा कामावर आला तेव्हा मॅडमनी विचारलं. त्यानं अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं मॅडमनी विचारलं नाही, पण एका डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. डोकेदुखीवरच काम करणारे, हळू बोलणारे म्हातारे डॉक्टर होते ते. खोलीला जाड पडदे, मंद दिवा. मामा, बायको आणि मुलगी तिघंही गेले. डॉक्टरांनी मुलीला तपासलं, मग बायकोकडं वळले.

“तुम्हालाही आहे?”

“चौदाव्या वर्षापासून.”

“पहिल्यापासून एवढंच?”

“आधी महिन्यातून दोनदा. आता सात-आठदा.”

डॉक्टर लिहीत होते. “डोक्याला कधी मार लागलाय?”

मामा आपल्या बुटांकडं बघत होता.

“हो,” बायको म्हणाली.

“कशाचा?”

“हाताचा.”

“किती वेळा?”

“पहिली पहिली मोजली. मग सोडून दिलं.”

डॉक्टरांनी मान वर केली. मामाच्या छातीवरच्या पट्ट्याकडं पाहिलं, त्याच्या हातांकडं पाहिलं आणि पुन्हा कागदावर आले.

“आजार मारामुळं झालेला नाही,” ते तिलाच म्हणाले. “तो तुमच्या रक्तातच आहे. पण दोनाचे आठ व्हायला मार आणि धास्ती पुरेशी असते. नसेला सवय लागते दुखायची.” त्यांनी चिठ्ठी फाडून दिली. “ही गोळी जाळं दिसून ठणका सुरू होताच घ्यायची. पुरता चढेपर्यंत थांबायचं नाही.”

“नवीन निघाली का ही?” बायकोनं विचारलं.

“नाही हो. तीसेक वर्षं झाली.”

बायकोनं चिठ्ठीची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

पुढच्या मंगळवारी सकाळी तिला जाळं दिसलं. डाव्या भुवईत ठणका उमटला तशी तिनं गोळी घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. मुलगी कामावर गेली होती. मामा रजेवर होता, बरगड्या अजून धरत होत्या. तो स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिला. भांड्याला भांडं लागू नये म्हणून पाणीसुद्धा प्यायला नाही.

दोन तासांनी दार उघडलं. बायको बाहेर आली. खिडकीतून ऊन आत आलं होतं, ती सरळ त्यात येऊन उभी राहिली. डोळे बारीक केले नाहीत, हात आडवा धरला नाही. तोंडावरून हात फिरवला, जसं कुणी दुसऱ्याचं तोंड चाचपावं.

“कसं आहे?” मामानं विचारलं.

“गेलं.”

ती खुर्चीवर टेकली.

“दोन तास,” ती म्हणाली. “दोन तासांची गोष्ट होती.”

मामा उठून तिच्या उजव्या अंगाला, ऐकू येणाऱ्या कानाकडं, स्टूल घेऊन बसला. जे बोलायचं ते आता, असं त्याला वाटलं.

“मला तेव्हा कळत नव्हतं,” त्यानं सुरुवात केली. वर्षानुवर्षांचं तयार वाक्य. त्याचा पुढचा भागही तयार होता, पण तो त्यानं तिथंच सोडला. बायको वाट बघत होती. बाहेर कुणीतरी सायकलला पंप मारत होतं.

“कळत होतं,” मामा म्हणाला. “दिसत होतं मला.”

“मला ठाऊक आहे.”

त्यानं वर पाहिलं.

“मारताना तुम्ही माझ्या तोंडाकडंच बघायचात,” ती म्हणाली. “दुसरीकडं कधी बघितलं नाहीत. मला वाटायचं, आता दिसेल यांना, आता थांबतील. मग कळलं, ते दिसतंय म्हणूनच चाललंय.”

नाही म्हणावं असं काही नव्हतंच.

“इतकी वर्षं डोकं दुखायचं, नाहीतर आता दुखेल म्हणून मी जपत असायचे,” ती म्हणाली. “दुसरं काही सुचायचंच नाही. आज डोकं मोकळं झालं. बघते तर बाकीचं सगळं जिथल्या तिथं आहे.”

तिनं कपाटावरची बॅग काढली. आवाजात राग नव्हता, हालचालीत घाई नव्हती. रोज शंभर चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईनं आपल्या कपड्यांच्या घड्या घातल्या. बॅग मामानं उचलायला घेतली तर बरगडीत कळ आली आणि तो वाकला. तिनं थांबून पाहिलं.

“दुखतंय?”

“थोडं.”

“मग राहू दे,” म्हणून तिनं बॅग स्वतःच उचलली आणि गेली.

मायलेकींनी लाँड्रीच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. मामाला तिकडं यायला कुणी सांगितलं नव्हतं आणि येऊ नको असंही नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात गोळ्यांसाठी सकाळी रांग लावावी लागे. ते काम त्यानं आपल्याकडं घेतलं. महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, तो पाकीट नेऊन द्यायचा. बहुतेक वेळा मुलगी दार उघडायची. कधी बायको उघडायची. ती पाकीट घ्यायची, गोळ्या मोजून बघायची, “बरं” म्हणायची.

चौथ्या का पाचव्या महिन्यात तो गेला तेव्हा मुलीनं दार वीतभरच उघडलं. आत पूर्ण अंधार होता.

“आईचं चाललंय,” ती हळू म्हणाली. “या वेळी गोळीनं उतरलं नाही. कधी कधी नाही उतरत.”

तिनं पाकीट घेतलं. तिच्या गालावरचा डाग आता फिका झाला होता, पण त्या जागची कातडी हसताना ओढल्यासारखी दिसे. ती हसली नव्हती. दार लागलं. कडी तिनं बोट लावून बिनआवाजाची सरकवली, ते मामाला कळलं.

तो चार पायऱ्या उतरला आणि तिथंच बसला. जायला उशीर होत होता असं नाही, आणि थांबायला सांगितलं होतं असंही नाही.

थोड्या वेळानं खालून धडधड ऐकू आली. एक माणूस लोखंडी खाटेचा सांगाडा पाठीवर घेऊन वर येत होता. दर पायरीला खाटेचा पाय कठड्यावर आदळत होता आणि सगळा जिना घंटेसारखा वाजत होता. मामा उठून खाली गेला.

“जरा हळू घ्या,” तो म्हणाला. “वर एक बाई आजारी आहे.”

“हळू कसा घेऊ? एकट्यानं आणतोय.” माणूस घामानं भिजला होता. “तुमच्या घरातली का?”



“नाही,” तो म्हणाला. “माझं घर इथं नाही.”

त्यानं चपला काढून पायरीवर ठेवल्या आणि खाटेचं मागचं टोक दोन्ही हातांवर घेतलं. बरगडी कण्हली. दोघं एकेक पायरी मोजून चढले. दुसऱ्या मजल्यावरच्या बंद दारापुढं आल्यावर मामानं डोळ्यांनीच त्या माणसाला थांबवलं, खाट आडवी फिरवली, आणि तिचे चारही पाय भिंतीपासून दूर धरून ती पुढं काढली. वर पोचवून तो परत आला, आणि त्याच पायरीवर बसला. दुपार अजून बरीच बाकी होती. आणखी कुणी चढणारं असेलच.